रात्री तापणाऱ्या विटा

“साळवे अंकल, बाबाचा खोली फ्रीझिंग आहे. नेबर सांगतो, तो घरात ओव्हरकोट घालून बसतो. तुमचा हीटर एकपण काम नाही करते.”

मेडनहेडहून मिलिंदचा फोन होता. मी नुकताच कामावरून येऊन जेवायला बसलो होतो.

“मी स्वतः बसवलेत,” मी म्हणालो. “एकेक टेस्ट करून दिलाय.”

“देन व्हाय इज ही कोल्ड?”

 मी उद्या जाऊन बघतो म्हणालो आणि फोन आपटला. जेवण गेलंच नाही.

मिलिंद हा बनसोडे अण्णांचा एकुलता मुलगा. जन्म ग्लासगोचा, नोकरी लंडनजवळ मेडनहेडला कॉम्प्युटरच्या कंपनीत. अण्णा म्हणजे ग्लासगोतल्या आम्हा बौद्ध मंडळींमधले सगळ्यांत जुने. त्यांच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत दर रविवारी वंदना व्हायची. मग चहा, चिवडा आणि गप्पा. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी अनसूयाकाकू गेल्या. फ्लॅटमध्ये खोल्या तापवायला जुने गॅस फायर होते. म्हातारा माणूस एकटा, गॅस चुकून उघडा राहिला तर काय घ्या, म्हणून मिलिंदने ते काढून टाकायचं ठरवलं आणि त्या जागी इलेक्ट्रिक स्टोरेज हीटर बसवायचं काम मला दिलं. देताना तो एक वाक्य बोलला होता.

“हे नीट चालला नाही तर बाबाला मी इकडे आणणार. फायनल.”

अण्णांना जायचं नव्हतं. मेडनहेडला त्यांना ओळखणारं कोण होतं? मुलगा-सून सकाळी निघणार ते संध्याकाळी परत येणार. ग्लासगोत निदान खालचा पेपरवाला त्यांना नावाने हाक मारायचा. “साळवे, तुझ्या हीटरवर माझं घर आहे बरं,” असं ते मला हसत हसत म्हणाले होते. हसत असले तरी ते खरं होतं.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मला हे का झोंबलं ते कळेल. मी खडकीला एका कारखान्यात वायरमन होतो. ग्लासगोला आलो तेव्हा इथल्या लोकांनी माझं सर्टिफिकेट बघितलं न बघितलं आणि बाजूला सारलं. निम्म्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून मी पुन्हा परीक्षा दिल्या. मग दुसऱ्यांच्या हाताखाली काम, मग स्वतःची व्हॅन, मग व्हॅनवर स्वतःचं नाव. मला कोणी काही फुकट दिलं नाही. ज्याच्या त्याच्याशी भांडून मिळवलं. माझ्या कामाला नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, ते आजही फिरतं.

आता हे हीटर काय असतात ते सांगतो. तारेतून करंट जातो तेव्हा तार त्याला थोडीफार अडवते. या अडवण्यात तार तापते. केटल, टोस्टर, इस्त्री, सगळ्यांच्या पोटात हीच गोष्ट आहे. प्लगमधला फ्यूजसुद्धा तसाच. त्यातली बारीक तार करंट जास्त झाला की तापून वितळते आणि घर वाचतं. स्टोरेज हीटरमध्ये या तापणाऱ्या तारेभोवती जड विटा रचलेल्या असतात. रात्री उशिरा, सगळं गाव झोपल्यावर वीज स्वस्त होते. तेव्हा मीटरजवळचा टाइम स्विच आपोआप करंट सोडतो. विटा रात्रभर तापतात आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडत राहतात. सकाळ झाली की टाइम स्विच करंट तोडतो. म्हणजे दिवसा या हीटरांच्या लाइनमध्ये वीज नसतेच. दिवसा जाऊन तुम्ही कितीही तपासा, ते मेलेलेच दिसणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. अण्णांनी दार उघडलं. अंगात खरंच ओव्हरकोट, त्यावर काकूंची शाल.

“ये रे. चहा ठेवतो.”

“चहा राहू द्या. आधी बघू द्या.”

मी विटांच्या वरच्या जाळीवर हात ठेवला. भिंतीइतकी गार. हीटरशेजारी भिंतीत प्रत्येकाचा एक स्विच असतो. सगळे स्विच चालू होते. तारा तपासल्या, ठीक. एका हीटरला घरातल्या नेहमीच्या लाइनवरून तात्पुरता करंट देऊन बघितला. थोड्या वेळात आतून विटा तडतडल्या आणि तापायला लागल्या. म्हणजे हीटर धडधाकट होता.

“अण्णा, तुम्ही कशाला हात तर लावला नाही ना?”

“मी काय लावणार? तूच सांगितलंस ना, आपोआप तापतात म्हणून.”

मग मी रात्रीच्या विजेचा वेगळा मीटर बघितला. हीटर लावल्यापासून तो जवळपास हललाच नव्हता. मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. रात्री करंटच येत नव्हता. आणि रात्री करंट सोडणारा टाइम स्विच कोणाचा? इलेक्ट्रिसिटी बोर्डाचा. त्याला त्यांचं सील असतं. मी हात लावू शकत नाही. म्हणजे दोष बोर्डाचा. मी अण्णांना तसं सांगितलं. ते शालीचं टोक नीट करत बसले.

बोर्डाच्या ऑफिसात मी तडक मॅनेजरपुढे जाऊन उभा राहिलो.

“तुमचा टाइम स्विच अडकलाय. म्हातारा माणूस गारठतोय.”

“मिस्टर साळवे, फॉर्म भरा. पुढच्या महिन्यात माणूस येईल.”

“पुढच्या महिन्यात तो माणूस कोणाला भेटायला येणार? तिथे कोणी उरायला पाहिजे ना!”

“आवाज खाली ठेवा, प्लीज.”

“ठेवतो. तुम्ही या आठवड्यात माणूस पाठवा, मी आवाज खाली ठेवतो. हा सौदा.”

 त्या गोऱ्या माणसाने बाहेरच्या रांगेकडे बघितलं. सगळी रांग आमच्याकडे कान लावून होती. “थर्सडे,” तो म्हणाला. मी जिंकलो होतो. गुरुवारी त्यांचा माणूस आला, टाइम स्विच तपासला आणि म्हणाला, “नथिंग राँग विथ इट, पॅल.” मी त्याला सोडला नाही. नवा बसव म्हणालो. त्याने माझं तोंड बंद करायला नवा बसवला. अण्णा तेव्हा खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते.

पुढच्या सोमवारी मिलिंदचा पुन्हा फोन. “स्टिल कोल्ड.” आता तो चिडूनही बोलत नव्हता. थकलेल्या आवाजात म्हणाला, “अंकल, मी वीकेंडला येतो. बाबाला घेऊन जातो. तुम्ही ट्राय केला, थँक यू.”

ते थँक यू मला जास्त लागलं. शिवी दिली असती तर मी उलट दिली असती.

मला एक काम शहराच्या त्याच बाजूला मिळालं होतं. सकाळी अंधारातच निघालो आणि वाटेत अण्णांची बेल वाजवली. नुकतेच उठलेले दिसत होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

“इतक्या सकाळी?”

“विटा रात्रीच्या गरम हव्यात. आत्ता बघायच्या.”

मी पुढच्या खोलीत शिरलो. अण्णा माझ्यामागून घाईघाईने आले आणि मला ओलांडून पुढे गेले. पण उशीर झाला होता. हीटरशेजारचा स्विच बंद होता. मी दुसऱ्या खोलीत गेलो. तिथलाही बंद. टीव्हीचा बंद, दिव्याचा बंद, स्वयंपाकघरात केटलचा बंद, विजेच्या चुलीचा मोठा लाल स्विचसुद्धा बंद.

“हे कोणी केलं?”

अण्णांनी हात पुढे करून केटलचा स्विच चालू केला.

“अण्णा, हे रोज कोण करतं?”

“मीच,” ते म्हणाले. “झोपताना बंद करतो. सकाळी उठलो की चालू करतो.”

मी काय बोललो ते सगळं इथे लिहिता येणार नाही. मी बोर्डात रांगेसमोर भांडलो होतो. त्यांच्या माणसाला चांगला टाइम स्विच काढायला लावला होता. मिलिंदसमोर माझं नाक कापलं गेलं होतं. आणि हा माणूस खिडकीपाशी उभा राहून सगळं बघत होता!

“तुम्हाला सांगितलं होतं ना मी? या स्विचांना हात लावायचा नाही म्हणून?”

“सांगितलं होतंस.”

“मग विसरलात?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “विसरलो असतो तर बरं झालं असतं.”

ते पुढच्या खोलीत येऊन सोफ्यावर बसले. मीही बसलो. मग त्यांनी सांगितलं. ते दोघं नवीन नवीन ग्लासगोला आले तेव्हा एका खोलीत राहायचे. खालच्या मजल्यावर एक बाई विजेच्या शेगडीसमोर कपडे वाळत घालून झोपली. रात्री कपड्यांनी पेट घेतला. ती बाई वाचली नाही. काकूंनी ते सगळं जिन्यावरून बघितलं. तेव्हापासून रोज झोपण्याआधी त्या घरभर फेरी मारायच्या. प्रत्येक स्विच स्वतःच्या हाताने बंद करायच्या. मग झोपायच्या खोलीच्या दारात येऊन म्हणायच्या, “सगळं बंद.” त्यानंतर अण्णा डोळे मिटायचे. इतकी वर्षं, रोज.

“ती गेली त्या रात्री मी पडलो आणि झोपच येईना,” अण्णा म्हणाले. “मग उठलो. तिच्यासारखी फेरी मारली. दारात येऊन तसंच म्हणालो. मग झोप लागली. तू हीटर बसवलेस, तू सांगितलंस तसे दोन रात्री चालू ठेवले. दोन्ही रात्री छताकडे बघत पडलो. तिसऱ्या रात्री बंद केले.”

“मग मला का नाही सांगितलंत? मी बोर्डात तमाशा केला!”

“तुला सांगितलं असतं तर तू मिलिंदला सांगितलं असतंस. मिलिंद काय समजला असता? बाबाचं डोकं गेलं. स्विच चालू ठेवायचं साधं कळत नाही. मग मला इथे एक दिवस ठेवला असता का?”

ते बरोबर बोलत होते. मला ते बरोबर असण्याचाही राग आला.

मी आधी सरळ उपाय सांगितला. हे स्विच काढून टाकतो, तिथे कोरी प्लेट लावतो. अण्णा म्हणाले, “मग बंद न करता बंद म्हणू? तिच्याशी खोटं बोलू?”

मी दुसरा सौदा केला. बाकी सगळं बंद करा, एवढे हीटर सोडा. ते म्हणाले, “सगळं म्हणजे सगळं. ती ‘एवढं सोडून बाकी सगळं’ असं नाही म्हणायची.”

मी आयुष्यात ठेकेदारांशी, घरमालकांशी, बँकेच्या मॅनेजरांशी सौदे केलेत. इतकं चिवट गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. आणि वीकेंडला मिलिंद येणार होता.

तेवढ्यात मला सुचलं. इतकी साधी गोष्ट होती की आधी सुचली नाही याची चीड आली.

“अण्णा, तुम्ही झोपता कधी?”

“दहाच्या सुमारास.”

“आणि हे हीटर चालू कधी होतात? मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे तुम्ही फेरी मारता तेव्हा यांच्यात करंटच नसतो. ते आधीच बंद असतात. जे बंद आहे ते तुम्ही परत काय बंद करणार?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “खरं सांगतोस की मला घोळात घेतोस?”

“संध्याकाळी येतो. दाखवतो.”

संध्याकाळी मी टेस्टर घेऊन गेलो. टेस्टर म्हणजे आत छोटा दिवा असलेला स्क्रू ड्रायव्हर. करंट असेल तर दिवा लागतो. अण्णांच्याच हातात दिला. आधी दिव्याच्या सॉकेटवर लावून दाखवला, लागला. मग हीटरच्या जोडणीवर. लागला नाही. दुसऱ्या हीटरवर. नाही. अण्णांनी सगळ्या खोल्यांत स्वतः लावून बघितला. चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितला.

“म्हणजे त्या वेळी मी बंद म्हटलं तर ते खरं असेल.”

“शंभर टक्के.”

“आणि नंतर?”

“नंतर तुम्ही झोपलेले असाल. झोपल्यावर काय होतं त्याचा जाब काकू तुम्हाला विचारणार नाहीत.”

काकू गेल्यानंतर पहिल्यांदा अण्णा मनापासून हसलेले मी बघितले. मग हसता हसता त्यांचे डोळे भरले. मी हीटरचं झाकण लावायला वाकलो. तेवढंच मला जमत होतं.

सवयीने हात जायला नको म्हणून मी त्याच संध्याकाळी हीटरांचे भिंतीतले स्विच काढले, तारा थेट जोडल्या, वर कोऱ्या प्लेट लावल्या. अण्णा म्हणाले, “माझीही एक अट. मिलिंदला यातलं काही सांगायचं नाही. कोणालाच नाही.”

“मग हीटर इतके दिवस का गार होते म्हणून सांगू?”

“ते तू बघ. तू हुशार आहेस.”

शनिवारी मिलिंद आला. घर गरम होतं. त्याने कोट काढला आणि हीटरवर हात ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे वळला.

“सो व्हॉट वॉज इट?”

अण्णा त्यांच्या खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“माझी चूक,” मी म्हणालो. “एक कनेक्शन लूज राहिलं होतं. आता पक्कं केलंय. परत होणार नाही.”

कुठल्याही इलेक्ट्रिशियनला विचारा, तो हसेल. एका लूज कनेक्शनने सगळ्या खोल्यांतले हीटर एकदम गार पडत नाहीत. उलट लूज कनेक्शन तापतं, जळका वास येतो. पण मिलिंदला ते माहीत नव्हतं. 

“माझा बाबा फ्रीझ झाला, अंकल. बिकॉज तुम्ही एक स्क्रू टाइट केला नाही?”

मी मान खाली घातली. कोणापुढे मान खाली घातल्याचं मला दुसरं आठवत नाही.

पण त्याने अण्णांना नेलं नाही. चूक सापडली होती, दुरुस्त झाली होती. संशय माझ्यावर आला, अण्णांवर नाही. हेच ठरलं होतं.

रविवारी मिलिंद वंदनेला थांबला आणि चहाच्या वेळी त्याने सगळ्यांना सांगून टाकलं. आमच्यातल्याच चहांदे डॉक्टरांच्या नव्या सर्जरीचं, म्हणजे दवाखान्याचं, वायरिंग मला मिळायचं होतं, तोंडी ठरलं होतं. ते चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, “साळवे, पुढच्या वेळी हीटरबरोबर एक घोंगडी फ्री देत जा रे.” सगळी खोली हसली. मी अण्णांकडे बघितलं. ते चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट मोडून कपात पडलं. ते चमच्याने काढत बसले. बोलले काही नाहीत.

काय बोलणार होते? अट त्यांची, शब्द माझा. हे मला कळत होतं. पण एकदा तरी, नुसतं “अरे जाऊ द्या, चांगला माणूस आहे तो” एवढं तरी त्यांनी म्हणायला हवं होतं. ते वाक्य मी त्या खोलीत बसून ऐकायची वाट बघत होतो. आजही माझी तेवढीच तक्रार आहे.

सर्जरीचं काम दुसऱ्याला गेलं. आपल्या लोकांतली आणखीही कामं गेली. मी रविवारी जाणं सोडलं. अण्णा अधूनमधून फोन करायचे. “घर छान गरम असतं रे,” म्हणायचे. मी “बरं” म्हणायचो आणि फोन बायकोकडे द्यायचो. त्यांनी मला कधी येऊन जा म्हटलं नाही. मीही गेलो नाही.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत, स्वतःच्या पलंगावर. मिलिंदने मला फोन केला. अंत्यसंस्कारानंतर म्हणाला, फ्लॅट विकतोय, नव्या मालकाला गॅस हवाय, तुमचे हीटर काढून न्या.

मी गेलो तेव्हा तो पुढच्या खोलीत अण्णांचे कपडे पिशव्यांत भरत होता. बाहेर बर्फ होतं. तो शर्टाच्या बाह्या दुमडून काम करत होता.

“इट्स सो वॉर्म इन हिअर,” तो म्हणाला.

“रात्री तापलेत,” मी म्हणालो. “घरात कोणी आहे की नाही, ते त्यांना कळत नाही.”

मी मीटरपाशी जाऊन रात्रीची लाइन तोडली. गरम विटा लगेच उचलता येत नाहीत. पुरत्या गार व्हायला दिवस-दोन दिवस जातात. तोवर थांबावं लागतं. मी सामान उचलून निघालो तेव्हा मिलिंदने मला दारात थांबवलं. त्याच्या हातात काकूंची ती शाल होती.

“अंकल, बाबा शार्प होता ना? टिल द एंड? मी इतका लांब होतो. मला नाही कळला.”

त्या वेळी मी माझं नाव परत मिळवू शकलो असतो. अट घालणारा माणूस आता नव्हता. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

“तुझ्यामाझ्यापेक्षा शार्प,” मी म्हणालो. “मला सौद्यात हरवलं त्यांनी.”

त्याला ते चांगलं वाटलं. त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दोन दिवसांनी मी परत गेलो आणि गार विटा जिन्यावरून खाली उतरवल्या. त्या फार जड असतात.

हे आज लिहितो आहे कारण मिलिंदला मराठी वाचता येत नाही. चहांदे डॉक्टरांना येतं. त्यांनी जरूर वाचावं.

धंद्यातलं म्हणाल तर मी एवढंच शिकलो. घर गार आहे अशी तक्रार आली की आता मी आधी मीटर उघडत नाही. घरातल्या माणसाला विचारतो, झोपण्याआधी तुम्ही काय काय करता? बहुतेक जण म्हणतात, काही नाही. मग मी सकाळी लवकर जातो.